वंडर वुमनचं माहेर

वेताळ, मँड्रेक, सुपरमॅन, बॅटमॅन. उन्हाळ्याच्या सुट्टीत भावाच्या हातातून ओढून घेऊन ही पुस्तकं आपल्यापैकी कितीजणींनी वाचली असतील! त्या चित्रांत बायका नव्हत्या असं नाही. होत्या की! पण त्यांचं काम ठरलेलं. संकटात सापडायचं, किंचाळायचं आणि तो दणकट नायक धावून येईपर्यंत वाट बघत बसायचं. त्यानं सोडवलं की पुढच्या अंकात पुन्हा सापडायचं.

आणि मग 1941 च्या अखेरीस अमेरिकेतल्या पेपर स्टॉलवर एक बाई अवतरली. कपाळावर सोनेरी पट्टा, निळ्या कपड्यांवर पांढरे तारे आणि दोन्ही मनगटांत जाड कडी. बंदुकीच्या गोळ्या ती त्या कड्यांवर झेलायची. मोटार उचलायची, दार उखडायची, साखळी तोडायची. आणि किंचाळत कोण होतं? विमान कोसळून जखमी झालेला एक लष्करी अधिकारी! त्याला ती दोन्ही हातांवर, लहान मुलाला घ्यावं तसं उचलून न्यायची. ही वंडर वुमन.

तिला जन्म देणारा माणूस चित्रकार नव्हता, कथालेखकही नव्हता. तो होता मानसशास्त्राचा प्रोफेसर. विल्यम मोल्टन मार्स्टन त्याचं नाव. वकिलीची पदवी, डॉक्टरेट, खोटं पकडणाऱ्या यंत्रावरचं संशोधन, आणि शिवाय गेलेल्या नोकऱ्यांची लांबलचक यादी. असा माणूस कॉमिक्सकडे वळला कसा, आणि बाईच्या अंगात एवढं बळ घालावं असं त्याला का वाटलं? याचं उत्तर त्याच्या घरात आहे. वंडर वुमनचं माहेर मोठं विलक्षण होतं, मैत्रिणींनो.

बायकांत वाढलेला मुलगा

मार्स्टनचा जन्म 9 मे 1893 चा, बॉस्टनजवळच्या सॉगस गावातला. आईबापांचा एकुलता एक. आई आणि मावश्यांच्या कौतुकात वाढलेला. 1911 मध्ये तो हार्वर्ड विद्यापीठात दाखल झाला, तेव्हा अमेरिकेत बायकांना राष्ट्रीय पातळीवर मतदानाचा हक्क नव्हता. तो मिळायला 1920 उजाडावं लागलं.

त्याच हिवाळ्यात एक प्रकरण घडलं. इंग्लंडमधल्या मताधिकार चळवळीच्या धडाडीच्या नेत्या एमेलिन पँकहर्स्ट यांना हार्वर्डमधल्या काही विद्यार्थ्यांनी भाषणाला बोलावलं. विद्यापीठानं आपलं सभागृह द्यायला साफ नकार दिला. एका बाईच्या भाषणानं एवढं मोठं विद्यापीठ हादरलं! शेवटी भाषण झालं ते विद्यापीठाच्या बाहेर, जवळच्याच दुसऱ्या सभागृहात. पण दार बंद झाल्याची बातमी सगळीकडे पोचली. मार्स्टन तेव्हा पहिल्या वर्षाला होता. बाईचा आवाज बांधून ठेवता येतो आणि ती बांधणी तुटतेही, हे त्याला अगदी कोवळ्या वयात बघायला मिळालं.

दुसरा धडा त्याला मिळाला एलिझाबेथ हॉलोवेकडून. ही त्याची शाळेपासूनची मैत्रीण. जन्म त्याच वर्षीचा, मुलींच्या माउंट होल्योक कॉलेजात शिकलेली, ग्रीक कवयित्री सॅफोची भक्त. दोघं 1915 मध्ये पदवीधर झाले आणि त्याच वर्षी त्यांचं लग्न झालं. पुढे दोघांनाही वकिली शिकायची होती. तो गेला हार्वर्डच्या लॉ स्कूलमध्ये. ती? हार्वर्डच्या लॉ स्कूलची दारं मुलींना बंद होती आणि 1950 पर्यंत बंदच राहिली. एलिझाबेथच्या वडिलांना तर मुलीनं इतकं शिकणंच मंजूर नव्हतं, त्यांनी पैसे द्यायचं नाकारलं. मग या पोरीनं काय करावं? पाककृतींची पुस्तकं विकली, फीचे पैसे उभे केले आणि बॉस्टन विद्यापीठात नाव घातलं. चूल सांभाळायला शिकवणारी पुस्तकं विकून तिनं कायद्याची पदवी मिळवली! 1918 मध्ये दोघं वकील झाले.

खोटं पकडणारा माणूस

मार्स्टनचा जीव मात्र मानसशास्त्रात होता. खोटं बोलताना माणसाचा रक्तदाब चढतो, तो मोजला तर खोटं पकडता येईल, अशी त्याची कल्पना. विद्यार्थी असतानाच त्यानं हे प्रयोग सुरू केले. ही कल्पना सुचायला एलिझाबेथ कारण झाली, असं त्यांच्या घरात सांगितलं जाई. आपण चिडलो किंवा हरखलो की रक्तदाब वाढतो, हे तिनंच त्याच्या लक्षात आणून दिलं होतं म्हणे. ती या प्रयोगांत त्याच्या बरोबरीनं राबली. 1921 मध्ये त्याला हार्वर्डची डॉक्टरेट मिळाली. तिला त्याच वर्षी रॅडक्लिफची एम.ए.

पुढे वॉशिंग्टनमध्ये खुनाचा आरोप असलेल्या एका कृष्णवर्णीय तरुणाची त्यानं अशी तपासणी केली. हा माणूस निर्दोष आहे असं मार्स्टनचं मत पडलं. न्यायालयानं त्याची साक्ष ऐकून घ्यायलाच नकार दिला. 1923 मध्ये वरच्या न्यायालयानंही तेच म्हटलं. त्या क्षेत्रातल्या जाणकारांनी सर्वसाधारणपणे मान्य केलेलंच तंत्र पुराव्यात चालेल, असा तो निकाल. अमेरिकेत वकिलीचं शिक्षण घेणाऱ्यांना तो आजही शिकवला जातो. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयानं 2010 मध्ये, संमतीशिवाय कुणाचीही अशी चाचणी घेता येणार नाही, असं स्पष्ट केलं. तेव्हा खोटं पकडणाऱ्या यंत्राबद्दलची शंका अजून फिटलेली नाही.

मार्स्टनचा स्वभाव मात्र शंका घेणाऱ्यातला नव्हता. उंचापुरा, जाडजूड, बोलघेवडा आणि प्रसिद्धीचा सोस असलेला हा गृहस्थ. एका विद्यापीठात वर्षभर, दुसऱ्यात वर्षभर, असं करत करत नोकऱ्या हातून जात राहिल्या. 1928 मध्ये त्यानं माणसाच्या भावनांवर एक पुस्तक लिहिलं. त्यातूनच पुढे इतरांनी ‘डिस्क’ नावाची चाचणी तयार केली. कंपन्यांच्या ट्रेनिंगमध्ये स्वभाव ओळखण्यासाठी जी प्रश्नावली भरून घेतात, ती हीच. तुमच्यापैकी कुणी भरलीही असेल! पण मार्स्टनला त्यातून काही पगार सुरू झाला नाही. 1929 मध्ये तो हॉलीवूडच्या एका स्टुडिओत सल्लागार म्हणून गेला, तेही फार टिकलं नाही.

मग घर कसं चालायचं? एलिझाबेथच्या पगारावर. आधी एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाच्या संपादकीय विभागात आणि नंतर एका मोठ्या विमा कंपनीत तिनं वर्षानुवर्षं नोकरी केली. आणि तिला हे करता आलं ते घरात आणखी एक बाई होती म्हणून.

ऑलिव्ह

इथे गोष्ट जरा अवघड वळणावर येते.

1925 मध्ये मार्स्टन टफ्ट्स कॉलेजात शिकवत होता. तिथे त्याच्या वर्गात ऑलिव्ह बर्न नावाची विद्यार्थिनी होती. हुशार, अबोल, आईबापांच्या मायेला पारखी झालेली. तिची आई एथेल बर्न आणि मावशी मार्गारेट सँगर. संततिनियमनाच्या चळवळीचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे त्यांना ही नावं सांगायला नकोत. ऑक्टोबर 1916 मध्ये या दोघी बहिणींनी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात गोरगरीब बायकांसाठी अमेरिकेतलं पहिलं संततिनियमन केंद्र उघडलं. जेमतेम दहा दिवसांत पोलिसांची धाड आली. एथेल नर्स होती. तिला 30 दिवसांची कैद झाली. तिनं तुरुंगात अन्नपाणी सोडलं, तिला नळी घालून जबरदस्तीनं भरवण्यात आलं. सुटली तेव्हा तिला धड चालवत नव्हतं.

ही मार्गारेट सँगर आपल्याला परकी नाही. 1935 च्या डिसेंबरात ती वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटली होती. ब्रह्मचर्य की साधनं, यावर दोघांची बरीच चर्चा झाली आणि एकमत काही झालं नाही. र. धों. कर्वे यांनी तर त्याआधीच, 1921 मध्ये, मुंबईत असं केंद्र काढलं होतं आणि त्यापायी काय काय सोसलं ते आपण जाणतोच. पुढे 1952 मध्ये कुटुंबनियोजनाची जागतिक संघटना स्थापन झाली तीही मुंबईतच, आणि सँगर तेव्हाही हजर होती.

तर अशा घरातली ही ऑलिव्ह. शिक्षण झाल्यावर ती मार्स्टन दांपत्याच्या घरी राहायला आली आणि तिथलीच झाली. मार्स्टनला एलिझाबेथपासून दोन मुलं झाली, ऑलिव्हपासून दोन. चारही मुलं एकत्र वाढली. एलिझाबेथनं नोकरी करायची, ऑलिव्हनं चारही मुलं आणि घर बघायचं, असा शिरस्ता पडला. जगाला सांगायला ऑलिव्ह विधवा होती. तिचा नवरा वारला, असं तिनं आपल्या मुलांनाही सांगितलं. त्यांचे वडील रोज त्यांच्यासोबत जेवत होते, आणि हे मुलांना ठाऊक नव्हतं! पुढे एलिझाबेथ आणि मार्स्टननं त्या दोघांना रीतसर दत्तक घेतलं.

वाचताना पोटात कालवाकालव होते ना? आपल्याकडे सवतीच्या किती कहाण्या आहेत, आणि त्यात दुःख कुणाच्या वाट्याला येतं हे सांगायची गरज नाही. मार्स्टननं हा बेत मांडला तेव्हा एलिझाबेथपुढे खरोखर किती वाट मोकळी होती, हा प्रश्न टाळता येत नाही. खोटं पकडण्यात हयात घालवलेल्या माणसाचं स्वतःचं घर एका मोठ्या खोट्यावर उभं होतं, हेही तितकंच खरं. पण या दोघी बायकांनी एकमेकींशी वैर धरलं नाही. उलट एकमेकींच्या आधारानं दोघींनी संसार पेलला. मार्स्टन गेल्यावर तर दोघींपैकी कुणालाच तिथे राहायची सक्ती नव्हती. तरी त्या एकाच घरात राहिल्या, ऑलिव्हच्या मृत्यूपर्यंत.

लग्नाची अंगठी ऑलिव्हच्या बोटात नव्हती. तिच्या मनगटात मात्र दोन रुंद, जड कडी असायची. तीच पुढे वंडर वुमनच्या हातात आली.

सुप्रीमाची झाली वंडर वुमन

ऑलिव्ह ‘फॅमिली सर्कल’ या गृहिणींच्या नियतकालिकात टोपणनावानं लिहायची. प्रसिद्ध मानसशास्त्रज्ञ डॉ. मार्स्टन यांच्या घरी जाऊन घेतलेल्या मुलाखती, असं त्या लेखांचं स्वरूप. आपल्याच घरातल्या माणसाला परक्यासारखं भेटायला जायचं, प्रश्न विचारायचे आणि लिहायचं! 1940 मध्ये कॉमिक्समुळे मुलं बिघडतात अशी अमेरिकेत मोठी ओरड चालू होती. ऑलिव्हनं त्यावर त्याची मुलाखत छापली. मार्स्टननं कॉमिक्सची बाजू घेतली होती. ती मुलाखत मॅक्स गेन्स या कॉमिक्सच्या प्रकाशकाच्या नजरेस पडली. त्यानं मार्स्टनला सल्लागार नेमलं.

मार्स्टनचं म्हणणं असं, की कॉमिक्समध्ये एकच मोठी खोट आहे. सगळे नायक पुरुष आणि सगळी भाषा हाणामारीची. मुलींना दुबळं राहण्यात काय आनंद वाटणार? तेव्हा सुपरमॅनइतकी बलवान आणि तरीही प्रेमळ अशी एक बाई हवी. आता हा नायक बाई असावी, हे आधी सुचवलं एलिझाबेथनं, असं घरच्यांनी सांगून ठेवलं आहे. 1941 च्या सुरुवातीला त्यानं पहिली कथा लिहून दिली. नायिकेचं नाव ठेवलं होतं ‘सुप्रीमा, द वंडर वुमन’. संपादकानं ‘सुप्रीमा’ गाळलं आणि पुढचं ठेवलं. लेखकाचं नाव छापलं चार्ल्स मोल्टन. त्यातलं मोल्टन मार्स्टनचं, तर चार्ल्स हे गेन्सचं मधलं नाव.

चित्रं काढली हॅरी पीटर यांनी. तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. तरुणपणी ते ‘जज’ नावाच्या विनोदी साप्ताहिकात काम करायचे आणि त्यात मताधिकार चळवळीच्या बाजूनं व्यंगचित्रं येत. साखळदंड तोडून उभी राहणारी बाई हे त्या चळवळीचं लाडकं चित्र. म्हणजे वंडर वुमन तुटलेली साखळी घेऊन उभी दिसते, ती एका जुन्या मोर्चातून चालत आलेली आहे.

गोष्ट थोडक्यात अशी. पुरुषांच्या जगाला कंटाळलेल्या अ‍ॅमेझॉन बायका एका बेटावर राहतात. मनगटातली कडी ही त्यांच्या जुन्या गुलामीची आठवण. राजकन्या डायना स्पर्धेत सगळ्यांना हरवते आणि त्या जखमी अधिकाऱ्याला घेऊन अमेरिकेत येते. एरवी ती चष्मा लावून नर्सचं आणि मग ऑफिसात सेक्रेटरीचं काम करते. तिच्या कमरेला सोनेरी दोर असतो. त्यात सापडलेल्याला तिचं ऐकावंच लागतं, खरं बोलावंच लागतं. प्रोफेसरांचं यंत्र इथे दोर होऊन आलं! आणि तिच्या मैत्रिणी कोण? हॉलिडे कॉलेजातल्या मुली. त्यांची पुढारी एटा कँडी, गोल गुबगुबीत, सतत गोड खाणारी आणि कुणालाही न भिणारी. वजनावरून खजील न होणारी अशी मैत्रीण त्या काळच्या कॉमिक्समध्ये आली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

मार्स्टनच्या कथांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते. अ‍ॅमेझॉन बायकांची ताकद आभाळातून पडलेली नाही, ती सरावानं कमावलेली आहे. मनावर घेतलं तर इतर मुलीही ती कमावू शकतात. सुपरमॅनला बळ मिळालं ते परग्रहावर जन्मला म्हणून. वंडर वुमन मात्र मुलींना व्यायाम करा म्हणायची! 1942 च्या उन्हाळ्यात तिचं स्वतंत्र नियतकालिक निघालं. त्यात चार पानं असायची खऱ्या कर्तबगार स्त्रियांच्या चित्रकथेची. पहिल्या अंकात फ्लोरेन्स नाइटिंगेल होती, पुढे सुसान अँथनी आली, गुलामीतून सुटून लढलेली सोजर्नर ट्रूथ आली. मार्स्टननं तर वंडर वुमनला भविष्यातल्या अमेरिकेच्या अध्यक्षपदाची उमेदवार करून टाकलं. 1937 मध्येच त्यानं वार्ताहरांना बोलावून, पुढेमागे जगाचा कारभार बायकांच्या हाती जाणार, असं भाकीत केलं होतं.

सगळं गोडच होतं असं नाही. युद्धकाळातल्या या कथांत जपानी आणि कृष्णवर्णीय माणसांची चित्रं आज बघवत नाहीत. आणि वंडर वुमन साखळ्या तोडायची खरी, पण त्याआधी तिला जवळजवळ प्रत्येक अंकात बांधून घातलेलं असायचं. पुरुषानं तिच्या कड्यांना साखळी जोडली की तिची शक्ती जाते, असा नियमच होता. बांधल्याशिवाय सुटका कशी दाखवणार, आणि प्रेमानं कुणाच्या आज्ञेत राहण्यातही सुख असतं, असं मार्स्टनचं समर्थन. मुलांच्या वाचनाच्या जाणकार जोसेट फ्रँक प्रकाशकाच्या सल्लागार मंडळावर होत्या. त्यांना हे मुळीच पटलं नाही. 1944 मध्ये त्यांनी राजीनामा दिला. माझ्या मते त्यांचा आक्षेप रास्तच होता. बाईचं बळ दाखवायच्या निमित्तानं तिला पुन्हा पुन्हा जखडलेली दाखवायची, यात बळाइतकीच मजा जखडण्याचीही घेतली जात होती.

बाप गेला आणि

वंडर वुमनचा खप वाढत होता. सुपरमॅन आणि बॅटमॅनच्या खालोखाल तिचं नाव झालं. कामाचा रेटा वाढला तेव्हा 1944 मध्ये मार्स्टननं आपल्या एका विद्यार्थिनीला मदतीला घेतलं. जॉय हमेल तिचं नाव, वय विशीच्या आसपास. कामाची तयारी म्हणून ऑलिव्हनं तिच्या हातात मार्गारेट सँगरचं एक पुस्तक ठेवलं. त्याच वर्षी मार्स्टनला पोलिओ झाला. पुढे कितीतरी कथा जॉयनं लिहिल्या, पण छापताना नाव चार्ल्स मोल्टनचंच. तिच्या या कामाची जाहीर दखल घेतली गेली ती 2018 मध्ये, एका पुरस्कारानं. तेव्हा ती नव्वदी ओलांडलेली आजी होती!

2 मे 1947 रोजी मार्स्टन कर्करोगानं गेला. वयाची 54 वर्षं पूर्ण व्हायला एक आठवडा बाकी होता. त्याच वर्षी प्रकाशक गेन्सचाही बोटीच्या अपघातात मृत्यू झाला. जॉयचं लग्न झालं, तिनं काम सोडलं. वंडर वुमन पोरकी झाली.

एलिझाबेथनं प्रकाशकांना पत्र लिहिलं. या व्यक्तिरेखेला माझ्याइतकं ओळखणारं दुसरं कुणी नाही, तेव्हा हे काम माझ्याकडे द्या, असा त्याचा आशय. वकील, मानसशास्त्रातली एम.ए., संपादनाचा अनुभव, आणि मुळात ही कल्पना जिच्या घरात जन्मली अशी ही बाई. तिला काम मिळालं नाही. ते गेलं रॉबर्ट कॅनिगर या लेखकाकडे.

आणि मग लेकीचं माहेर तुटल्यावर सासरी जे होतं तेच झालं! तोवर युद्ध संपलं होतं. कारखान्यांत राबलेल्या अमेरिकन बायकांना आता घरी जा म्हणून सांगितलं जात होतं. वंडर वुमनही बदलली. ती फॅशन मॉडेल झाली, मुलं सांभाळणारी झाली, प्रेमात पडलेल्या मुलींना सल्ला देऊ लागली आणि आपलं लग्न कधी होणार म्हणून झुरू लागली. कर्तबगार स्त्रियांची चार पानं गेली. त्या जागी आल्या देशोदेशीच्या लग्नाच्या चालीरीती. 1968 मध्ये तर तिची शक्तीच काढून घेतली. दोर गेला, कडी गेली, आणि ती कपड्यांचं दुकान चालवू लागली.

ती परत आली ती वाचक बायकांमुळे. ग्लोरिया स्टाइनेम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुलै 1972 मध्ये ‘मिस’ मासिकाचा नियमित पहिला अंक काढला, तेव्हा मुखपृष्ठावर जुन्या वेषातली अवाढव्य वंडर वुमन होती. लहानपणी मार्स्टनच्या गोष्टी वाचलेल्या या मुली आता मोठ्या झाल्या होत्या आणि आपली मैत्रीण परत मागत होत्या. 1973 मध्ये तिची शक्ती तिला परत मिळाली. मग दूरदर्शन मालिका आली आणि 2017 मध्ये पॅटी जेन्किन्स या दिग्दर्शिकेचा चित्रपट आला. तो आपल्याकडेही मुलींनी पाहिला.

बळ दिलं, दंड कुठाय?

एक गोष्ट मात्र मजेशीर आहे. एवढी ताकद, पण वंडर वुमनचे दंड बघितलेत? वर्षानुवर्षं चित्रकारांनी तिच्या हातून रणगाडे उचलवले, पण दंडाला स्नायू काही दिले नाहीत. बळ हवं, पण ते दिसायला नको. कंबर बारीक हवी, चेहरा नाजूक हवा. 1971 मध्ये जॅक कर्बी यांनी ‘बिग बार्डा’ आणली. नवऱ्यापेक्षा उंच, रुंद खांद्यांची, चिलखत घातलेली. 1980 मध्ये ‘शी-हल्क’ आली. हिरवी, धिप्पाड आणि व्यवसायानं वकील! एलिझाबेथला तिचं कौतुक वाटलं असतं का, असं मनात येतं. तरी अशा भरदार बायका या दुनियेत आजही मोजक्याच. 2016 मध्ये संयुक्त राष्ट्रसंघानं वंडर वुमनला मुलींच्या सक्षमीकरणाची मानद दूत नेमलं. तिथल्याच कर्मचाऱ्यांनी विरोध केला. अशा तोकड्या कपड्यांतली, अशक्य बांध्याची बाई आमच्या मुलींपुढे आदर्श म्हणून कशाला, असा त्यांचा सवाल. दोनच महिन्यांत ते पद संपलं.

मग या मार्स्टनचं मोल काय करायचं? बायका राज्य करतील म्हणणारा हा माणूस बायकोच्या पगारावर जगला, दुसरीच्या हातचं जेवला आणि दोघींच्या कल्पना आपल्या नावावर लिहून गेला. त्याला थोर म्हणायला जीभ अडखळते. पण बाई बलवान असू शकते, नव्हे असावी, हे लाखो मुलामुलींना चित्रांतून सांगणारा तो पहिल्या काहींपैकी एक होता, हेही नाकारता येत नाही. बाईच्या बळावर त्याचा खरोखर विश्वास होता. असायलाच हवा. त्याच बळावर त्याचं घर उभं होतं!

खरी मेख आहे ती पुढे. त्यानं बळ दिलं आणि तो गेल्यावर दुसऱ्या पुरुषानं ते काढून घेतलं, कारण लेखणी एकाकडून दुसऱ्याकडे गेली, पण एलिझाबेथच्या हाती आली नाही. दुसऱ्यानं दिलेली ताकद अशीच असते. देणारा आहे तोवर ती आपली. आपल्याकडेही नवऱ्यानं दिलेली मोकळीक, सासऱ्यांनी दिलेली परवानगी, साहेबांनी दिलेली संधी, असे शब्द आपण किती सहज वापरतो!

एलिझाबेथ 1993 मध्ये गेली, शंभर वर्षांची होऊन. घरातलं हे गुपित जगाला सविस्तर कळलं ते 2014 मध्ये, जिल लेपोर या इतिहासकार बाईंनी कागदपत्रं धुंडाळून पुस्तक लिहिलं तेव्हा. आज तुमच्या लेकीच्या दप्तरावर, नाहीतर टी-शर्टवर वंडर वुमनचं चित्र असेल. तिनं विचारलंच, तर एवढं जरूर सांगा. त्या मनगटातली कडी ऑलिव्ह नावाच्या बाईची आहेत. आणि अशी बाई असावी, हे सुचलं होतं पुस्तकं विकून वकील झालेल्या एलिझाबेथला.